विश्लेषण : पिकअपचे इंजिन ‘ट्यून’ केल्यावर गिअर का अडतात?

नंदुरबार तालुक्यातील धानोरा असो की सातपुड्यातील धडगाव, शेतमाल बाजारात न्यायचा, खताच्या गोण्या गावात आणायच्या किंवा घराचे सामान हलवायचे तर पहिली आठवण पिकअपची होते. अनेक कुटुंबांचे घर याच गाडीवर चालते आणि गाडीचा हप्ताही तिच्याच भाड्यातून फिटतो. त्यामुळे ‘गाडीची ताकद वाढवून देतो, अ‍ॅव्हरेजही वाढेल’ अशी मोबाइलवरची जाहिरात पाहून चालक-मालकाला मोह होणे स्वाभाविक आहे. इंजिन न खोलता, थोड्या वेळात काम होते आणि गाडी खरोखरच जोरात पळू लागते. पण पुढे क्लच सटकू लागतो, गिअर टाकताना करकर आवाज येतो, गाडी ऑटोमॅटिक असेल तर झटके बसतात. इंजिनात केलेल्या बदलाची किंमत गिअरबॉक्सला का मोजावी लागते, याविषयी…

ट्यूनिंगमध्ये नेमके काय बदलतात?

जुन्या डिझेल गाड्यांत पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचे प्रमाण वाढवले जाई. आताच्या कॉमन रेल इंजिनात हे काम ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक करतो. सिलिंडरमध्ये किती डिझेल, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने फवारायचे, टर्बोने किती हवा कोंबायची, याचे तक्ते त्यात साठवलेले असतात. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात.

ताकद वाढवण्याचे बाजारात मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला ‘रिमॅप’. यात गाडीच्या तपासणी सॉकेटला लॅपटॉप जोडून ईसीयूमधील मूळ तक्तेच बदलले जातात. दुसरा ‘ट्यूनिंग बॉक्स’. ही छोटी पेटी सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसते. रेलमधील डिझेलचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे ती ईसीयूला भासवते. मग ईसीयू दाब वाढवतो आणि जास्त डिझेल फवारले जाते. तिसरा ‘पेडल बॉक्स’. यात इंजिनाची ताकद वाढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला तरी जास्त दाबला आहे, असा संदेश पुढे जातो, म्हणून गाडी चपळ वाटते.

पहिल्या दोन मार्गांनी ताकद खरोखर वाढते. पण ती वाढ इंजिनात होते. चाकापर्यंत ती पोहोचवणारा क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल पूर्वीचेच राहतात.

इंजिनाच्या ताकदीचा गिअरबॉक्सवर किती भार येतो?

इंजिनाची पिळण्याची ताकद म्हणजे टॉर्क. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. नट सोडवताना पान्याला जो पीळ द्यावा लागतो, तसाच पीळ इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टला देते. ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास दिसणाऱ्या बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी डिझेल इंजिनाचा टॉर्क सुमारे २०० न्यूटन मीटर आहे.

गिअरबॉक्सचे कामच हा पीळ वाढवण्याचे असते. हिशेबासाठी पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि मागच्या डिफरन्शियलचेही ४ धरू. इंजिनाचे २०० न्यूटन मीटर गिअरबॉक्समधून बाहेर पडताना ८०० होतात आणि अ‍ॅक्सलवर ३२००. आता ट्यूनिंगने इंजिनाचा टॉर्क २५० केला, तर हेच आकडे १००० आणि ४००० होतात. इंजिनात ५० ने झालेली वाढ अ‍ॅक्सलपर्यंत ८०० होऊन पोहोचते.

गाडी रिकामी असेल तर मागची चाके जागीच फिरतात आणि जादा ताकद रस्त्यावर वाया जाते. भरलेल्या गाडीची चाके मात्र रस्ता घट्ट धरून ठेवतात. मग तो सगळा पीळ क्लच आणि गिअरच्या दातांनाच सोसावा लागतो. म्हणून कारसाठी फार न जाचणारे ट्यूनिंग रोज माल वाहणाऱ्या पिकअपला जाचते.

मॅन्युअल गिअरच्या पिकअपमध्ये काय घडते?

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप मॅन्युअल गिअरच्या आहेत. त्यांत पहिला फटका क्लचला बसतो. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये दाबून धरलेली असते. ती किती टॉर्क पेलेल, हे प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा दाब, प्लेटचा आकार आणि घर्षण यांवर ठरते. कंपनी क्लच बसवताना इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा थोडी जास्त क्षमता राखून ठेवते. ही राखीव क्षमता प्लेट झिजण्यासाठी, उष्णतेसाठी आणि चढावर हाफ क्लच करण्यासाठी असते.

समजा, २०० न्यूटन मीटरच्या इंजिनाला २६० पेलणारा क्लच आहे. काही हजार किलोमीटरनंतर झीज होऊन ती क्षमता २३० वर आली. मूळ इंजिनासाठी ती अजून पुरेशी आहे. पण ट्यूनिंग करून टॉर्क २५० केला की त्याच दिवसापासून क्लच सटकू लागतो. नवा क्लच असता तर गाडीने काही महिने काढले असते. एकाच गावातील दोन गाड्यांना सारखेच ट्यूनिंग करूनही एक टिकते आणि दुसरी लगेच बिघडते, त्याचे एक कारण हे आहे.

क्लच सटकण्याचा आणि गिअर अडण्याचा संबंध सहसा लक्षात येत नाही. सटकणारी प्लेट घासून प्रचंड तापते. खान्देशात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे ही उष्णता लवकर निघून जात नाही. फ्लायव्हील व प्रेशर प्लेटवर निळसर डाग पडतात, प्लेट वाकते. वाकलेली प्लेट पेडल पूर्ण दाबल्यावरही फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नाही. म्हणजे गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स अर्धवट जोडलेलेच राहतात.

गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एका गतीला आणण्याचे काम सिंक्रोनायझर रिंग करते. ही बहुधा पितळेसारख्या मिश्रधातूची पातळ कडी असते. क्लच पूर्ण सुटला असेल तर तिला फक्त शाफ्ट आणि प्लेट यांची गती बदलावी लागते. क्लच अर्धवट लागलेला असेल तर तिची झुंज थेट इंजिनाशी होते. ती झिजते, दुसरा-तिसरा गिअर टाकताना करकर होते, रिव्हर्स लागत नाही आणि पुढे पुढे गिअर आपोआप निसटू लागतो. मिस्त्रीकडे गाडी येते ती ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून. सुरुवात मात्र इंजिनातील ५० न्यूटन मीटरपासून झालेली असते.

ऑटोमॅटिक पिकअपमध्ये गिअर कोण बदलतो?

टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या पिकअप आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळतात. त्यांत टीसीयू म्हणजे गिअरबॉक्सचा स्वतंत्र संगणक असतो. गिअर बदलताना आतील एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा लागतो. हे क्लच तेलाच्या दाबाने काम करतात. दाब किती द्यायचा, हे टीसीयू इंजिनाच्या टॉर्कवरून ठरवतो. पण त्याच्याकडे टॉर्क मोजणारे यंत्र सहसा नसते. ईसीयू जो आकडा कळवतो, तोच तो खरा मानतो.

येथेच ट्यूनिंग बॉक्सची गफलत होते. ईसीयूलाच जास्त डिझेल गेल्याचे माहीत नसते. त्यामुळे प्रत्यक्ष टॉर्क ४२० असताना तो ३६० कळवतो. टीसीयू ३६० पुरता दाब देतो. गिअर बदलताना नवा क्लच क्षणभर घसरतो, इंजिनाचे आरपीएम उसळी घेतात आणि मग गाडी पुढे खेचली जाते. प्रत्येक वेळी क्लचच्या चकतीचा थर थोडा जळतो आणि तेल काळवंडते.

आधुनिक टीसीयू शिकतो. गिअर लागायला जास्त वेळ लागतो असे दिसले की पुढच्या वेळी तो दाब वाढवतो. म्हणून ट्यूनिंगनंतर सुरुवातीचे काही आठवडे सगळे सुरळीत वाटू शकते. पण हे शिकणे मर्यादेपर्यंतच चालते. मर्यादा संपली की दोष नोंदवला जातो आणि गाडी ‘लिम्प मोड’मध्ये जाते. या स्थितीत ताकद कमी होते आणि गिअरबॉक्स बहुधा एकाच गिअरमध्ये अडकून राहतो.

रिमॅपमध्ये याच्या उलटही घडू शकते. टॉर्कचे तक्ते ओढूनताणून वाढवले, तर टीसीयूला प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा मिळतो. तो गरजेपेक्षा जास्त दाब देतो आणि प्रत्येक गिअर झटक्याने लागतो. शिवाय गिअर बदलण्याच्या क्षणी टीसीयू ईसीयूला थोडा वेळ टॉर्क कमी करायला सांगतो. चालक जसा गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, तसेच हे. बदललेल्या मॅपमध्ये ही विनंती नीट पाळली गेली नाही, तर जोडणीचा धक्का वाढतो.

पेडल बॉक्सचा परिणाम वेगळा असतो. चालकाने पाव पेडल दाबले तरी टीसीयूला निम्मे दाबल्यासारखे दिसते. त्याला वाटते, चालकाला जोर हवा आहे. मग तो वरचा गिअर उशिरा टाकतो, लगेच खालचा टाकतो. घाटात तिसरा-चौथा, चौथा-तिसरा अशी गिअरची ये-जा सुरू होते आणि तेल तापते.

कंपनी स्वतःच इंजिनाला लगाम का घालते?

‘कंपनीने ताकद दाबून ठेवलेली असते, आम्ही ती मोकळी करतो,’ असे ट्यूनिंगवाले सांगतात. यात अर्धे सत्य आहे. २०२२ मध्ये भारतात आलेल्या हायलक्सचे २.८ लिटर डिझेल इंजिन पाहा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक अशा दोन्ही गाड्यांत त्याची कमाल ताकद २०४ पीएस आहे. पण टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर दिलेला आहे. इंजिन तेच, आकडा वेगळा. इंजिनाची मर्यादा एकट्या इंजिनावरून नव्हे, तर मागे जोडलेल्या गिअरबॉक्ससह ठरते, याचे हे सहज दिसणारे उदाहरण.

अनेक गाड्यांत पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये टॉर्क मुद्दाम आणखी कमी ठेवलेला असतो, कारण तेथे पीळ सर्वाधिक वाढतो. सरसकट रिमॅप करताना ही मर्यादाही उडवली जाते. दाबून ठेवलेली ताकद ही अशी गिअरबॉक्स, टर्बो, उष्णता आणि धूर यांसाठी राखलेली सोय असते.

घाटात धोका कुठे वाढतो?

तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दहा टक्क्यांनी विरळ असते. तेवढीच हवा कोंबण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. ट्यून केलेल्या गाडीत टर्बोची ही राखीव क्षमता आधीच वापरलेली असते. मग डिझेल जास्त, हवा कमी, परिणामी काळा धूर आणि तापलेले इंजिन.

खरा धोका मात्र उतारावर आहे. भरलेली पिकअप घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवावी लागते. इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. ट्यूनिंगमुळे चढाची ताकद वाढते, उतारावरचे हे ‘इंजिन ब्रेकिंग’ वाढत नाही. उलट झिजलेल्या सिंक्रोनायझरमुळे ऐन उतारावर तिसऱ्यावरून दुसरा गिअर लागला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऑटोमॅटिक गाडी लिम्प मोडमध्ये वरच्या गिअरवर अडकली, तरी तेच होते.

तळोदा-धडगाव मार्गावरील चांदसैली घाटात ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटून जीवितहानी झाली. त्या दुर्घटनेशी ट्यूनिंगचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण माणसांनी किंवा मालाने भरलेल्या पिकअपला या घाटांत चुकीला किती कमी जागा असते, हे तिने दाखवले. अशा रस्त्यावर गिअर हमखास लागणे ही जिवाची गरज असते.

कायदा, वॉरंटी आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

सॉफ्टवेअरमधील बदल रस्त्यावर डोळ्यांनी दिसत नाही. पण धूर दिसतो. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू आहेत. जादा डिझेल फवारल्याने काजळी वाढते आणि डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर लवकर तुंबतो. मग तो फिल्टरच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो आणि मालक आणखी एका बेकायदा बदलात अडकतो.

वॉरंटीत असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला आणि तपासणीत बदललेला मॅप आढळला, तर कंपनी दावा नाकारू शकते. मूळ मॅप परत टाकला तरी ईसीयू किती वेळा लिहिला गेला, याची नोंद अनेक गाड्यांत राहते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात अडचण ठरू शकतो.

बिघाड सुरू झाला, हे कसे ओळखायचे?

मॅन्युअल गाडी मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाने चालवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. आरपीएम झपाट्याने वर गेले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच सटकतो आहे. घाट चढल्यावर जळका वास येणे, हीदेखील त्याचीच खूण.

दुसरी तपासणी उभ्या गाडीची. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबल्यावर पहिला किंवा रिव्हर्स अडतो, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्यात आहे. या टप्प्यावर क्लचचे काम केले, तर गिअरबॉक्स वाचू शकतो. ‘अजून चालतेय’ म्हणून रेटले, तर सिंक्रोनायझर, गिअर आणि बेअरिंगचा खर्च वाढतो. शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी, भाडे बंद आणि हप्ता मात्र सुरूच.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना आरपीएमची उसळी, समान वेगात हलकी थरथर, उशिरा लागणारा गिअर आणि काळपट, जळक्या वासाचे तेल ही लक्षणे आहेत. यातील एकही दिसले तर ट्यूनिंग बॉक्स लगेच काढावा, मूळ मॅप परत टाकून घ्यावा आणि टीसीयूने शिकलेल्या चुकीच्या सवयी पुसून घ्याव्यात. मात्र झिजलेला थर सॉफ्टवेअरने परत येत नाही.

मग ‘गाडी ओढत नाही’ यावर उपाय काय?

अनेकदा ताकद कमी नसते, हरवलेली असते. तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या होजला गेलेली चीर, खराब इंजेक्टर, चिकटून बसलेला ब्रेक, कमी हवेचे टायर यांपैकी एक दोष असला तरी गाडी मरगळते. कंपनीपेक्षा मोठे टायर बसवले तर प्रत्येक गिअरचा जोर घटतो आणि क्लचवर ताण येतो. ट्यूनिंगचा विचार करण्याआधी यांची तपासणी केली, तर कमी खर्चात मूळ ताकद परत मिळू शकते.

दुसरा प्रश्न भाराचा. नोंदणी पुस्तकातील क्षमतेपेक्षा दीडपट माल भरून ट्यूनिंगने ती कसर भरून काढणे म्हणजे एकाच क्लचवर दोन्हीकडून ओझे टाकणे. ब्रेक, स्प्रिंग आणि टायर तर ट्यूनिंगने तसूभरही मजबूत होत नाहीत. माल सतत क्षमतेबाहेर जात असेल तर मोठी गाडी किंवा दोन फेऱ्या हाच हिशेब सरळ आहे.

अ‍ॅव्हरेजचेही तसेच. जादा ताकद जादा डिझेल जाळूनच मिळते. संथ चालवले तर काही गाड्यांत थोडा फरक पडू शकतो, पण मिळालेली ताकद न वापरण्यासाठी कोणी पैसे देत नाही. म्हणून ट्यूनिंगवाल्याला ‘ताकद किती वाढेल’ हे विचारण्याआधी ‘माझा क्लच आणि गिअरबॉक्स किती पेलतो आणि तो गेला तर खर्च कोण देणार’ हे विचारावे. त्याचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर व्यवहार कोणाच्या फायद्याचा आहे हे स्पष्ट होते.